पाव इंची माया

पाव इंची माया हे क्विल्टसाठी कापडाचे तुकडे एकमेकांना जोडताना पाळले जाणारे प्रमाण माप आहे. कापडाची कापलेली कड आणि टिपेची रेषा यांच्यामध्ये सोडलेल्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. कपडे शिवताना ती बहुधा अर्धा इंच किंवा त्याहून अधिक ठेवतात व पुढे कपडा सैल करण्यासाठीही तिचा उपयोग होतो. क्विल्टच्या तुकडेजोडीत मात्र ती पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते आणि प्रत्येक तुकड्याचे माप तिच्या आधारावरच ठरते. मेट्रिक मापांच्या काही आराखड्यांत तिच्याऐवजी ०.७५ सेंटिमीटर माया धरली जाते.

पार्श्वभूमी

हाताने तुकडे जोडण्याच्या जुन्या पद्धतीत कापडाच्या उलट बाजूवर साचा ठेवून त्याभोवती पेन्सिलीने रेषा आखत असत. हीच रेषा टिपेची रेषा असे आणि तिच्या बाहेर माया अंदाजाने सोडली जाई. दोन तुकड्यांच्या रेषा टाचणीने एकमेकींवर जुळवल्या की माया थोडी कमी-अधिक असली तरी फरक पडत नसे.

१९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीने फिरत्या पात्याचा कटर बाजारात आणला. पारदर्शक पट्टीच्या आधाराने या कटरने अनेक थर एकाच वेळी सरळ कापता येऊ लागले व रेषा आखण्याची गरज बरीचशी संपली. त्यानंतर टिपेला मार्गदर्शक म्हणून कापलेली कडच उरली. अचूकतेचा जो भार पूर्वी आखलेल्या रेषेवर होता, तो अशा रीतीने मायेच्या रुंदीवर आला.

मापांचे गणित

चौरस किंवा आयताच्या समोरासमोरच्या दोन्ही कडांना पाव-पाव इंच माया लागते. त्यामुळे तयार मापात ०.५ इंच मिळवून तुकडा कापतात. ३ इंचांच्या तयार चौरसासाठी ३.५ इंचांचा चौरस कापावा लागतो.

चौरस कर्णावर कापून दोन त्रिकोण करायचे असल्यास तयार बाजूत ७/८ इंच मिळवतात. तिरप्या कडेची माया टोकांपाशी अधिक लांबी व्यापते. त्यामुळे गणिताने ही वाढ सुमारे ०.८५४ इंच येते व कापण्याच्या सोयीसाठी ती ७/८ धरली जाते. दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे असल्यास १.२५ इंच मिळवतात.

चुकीचा संचय

एका शिवणीत दोन तुकड्यांची माया जात असल्याने माया १/१६ इंच जास्त घेतली, तर प्रत्येक शिवणीमागे १/८ इंच कापड कमी होते. समजा, एका ब्लॉकच्या रांगेत ३.५ इंचांचे तीन तुकडे आहेत आणि दुसऱ्या ब्लॉकच्या रांगेत २ इंचांचे सहा तुकडे आहेत. अचूक शिवल्यास दोन्ही रांगा ९.५ इंच भरतात. वरील चूक झाल्यास पहिली रांग दोन शिवणींमुळे ९.२५ इंच होते, तर दुसरी पाच शिवणींमुळे ८.८७५ इंच होते. एकाच हाताने, एकाच यंत्रावर आणि सारखीच चूक करूनही दोन ब्लॉकमध्ये ३/८ इंचाचा फरक पडतो. ते ओढून जोडल्यास पृष्ठभाग सपाट राहत नाही.

क्विल्टमधील सर्व ब्लॉक एकाच नमुन्याचे असतील, तर सातत्याने झालेली लहान चूक खपून जाते. क्विल्ट केवळ थोडी लहान होते. भिन्न नमुन्यांचे किंवा अनेक व्यक्तींनी शिवलेले ब्लॉक एकत्र आणताना, तसेच कडेच्या पट्ट्या आधीच मापाने कापलेल्या असताना मात्र अचूक माया आवश्यक ठरते. त्रिकोणी नमुन्यांत माया जास्त झाल्यास टोके शेजारच्या शिवणीत कापली जातात आणि कमी झाल्यास ती कडेपासून दूर राहतात.

किंचित कमी माया

शिवण एका बाजूला दुमडली की घडीच्या जागी कापडाची जाडी थोडी रुंदी घेते. ही घट भरून काढण्यासाठी टीप पाव इंचाच्या रेषेपेक्षा एक-दोन धागे आत, कडेच्या बाजूने मारतात. नेमके किती धागे, हे कापड आणि दोरा यांच्या जाडीवर अवलंबून असते. म्हणून बारीक सुती दोरा पसंत केला जातो.

चाचणी

१.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या लांबीच्या बाजूने जोडून त्यांना इस्त्री करतात. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी ३.५ इंच भरल्यास माया योग्य असते. मधली पट्टी अरुंद झाल्यास माया जास्त व रुंद राहिल्यास कमी आहे, असे समजतात. या चाचणीत टिपेपासून कडेपर्यंतचे अंतर न मोजता तयार तुकड्याचे माप घेतले जाते. त्यामुळे घडीत गेलेले कापडही हिशेबात येते.

शिवण्याची पद्धत

यंत्राच्या नेहमीच्या प्रेसर फूटची कड सुईपासून पाव इंचावर असतेच असे नाही. त्यासाठी खास पाव इंची फूट मिळतो. तो नसल्यास मोजपट्टी सुईखाली ठेवून यंत्राच्या पाट्यावर चिकटपट्टीचा जाड थर लावतात व कापडाची कड त्याला टेकवून पुढे सरकवतात. शिवताना नजर सुईवर न ठेवता या खुणेवर ठेवल्यास टीप सरळ येते.

टाका साधारणतः २ ते २.५ मिलिमीटरचा ठेवतात. खालच्या दात्यांमुळे खालचा थर वरच्यापेक्षा किंचित वेगाने सरकतो. म्हणून दोन तुकड्यांत थोडा फरक असल्यास लांब तुकडा खाली ठेवतात. उरेब कड सहज ताणली जात असल्याने त्रिकोण ओढू नयेत. दोन शिवणी जिथे भेटतात, तिथे टाचणी लावून पुढची टीप मारतात.

इस्त्री

शिवण प्रथम मिटलेल्या स्थितीत दाबून मग एका बाजूला वळवतात. इस्त्री घासत न नेता उचलून ठेवतात, कारण घासल्याने तुकडे ताणले जातात. शिवणीपाशी बारीक चुणी राहिल्यास टीप अचूक असूनही माप कमी भरते. लगतच्या रांगांतील शिवणी विरुद्ध दिशांना वळवल्या की त्या एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरे नेमके जुळतात.

गोधडीशी तुलना

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांतही कापडाचे तुकडे असतात, पण त्यांची रचना वेगळी आहे. गोधडीत जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवतात व तुकडे त्या थरांवर बसवले जातात. कवंदीत तुकड्यांच्या कडा दुमडत, बाहेरून आत शिवत जातात. दोन्हींत तुकड्याचे माप उरलेल्या जागेवरून ठरते आणि एका तुकड्यातील कमी-अधिकपणा पुढच्या तुकड्यात सामावला जातो. तुकडेजोडीच्या क्विल्टमध्ये खाली आधाराचे कापड नसते आणि सर्व तुकडे शिवण्यापूर्वीच मापाने कापलेले असतात. त्यामुळे ही भरपाई तिथे शक्य नसते आणि मायेच्या अचूकतेला महत्त्व येते.