माटोळी, कुळागर आणि मुले

गोव्यात चवथीला गणपतीच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानफळे, फुले आणि वेली बांधतात, हीच माटोळी. पेडणे-डिचोलीकडील कितीतरी मुलांची रानाशी ओळख तिच्यामुळेच होते. वडीलधाऱ्यांबरोबर फिरताना कांगलां, आंबाडे, तोरिंगे, सुपारीचे घोस ती नावानिशी ओळखू लागतात आणि बांधणीचे कसबही हाती बसते.

मुलांची अशीच ओळख कुळागरातही होते; या बागेत पोफळी, माड, केळी आणि मिरवेल एकत्र वाढतात. पोफळीच्या गळालेल्या पानाच्या रुंद देठावर एकाने बसायचे, दुसऱ्याने ओढायचे, हा जुना खेळ. माडाच्या पात्यांपासून भिरभिरी आणि पिपाण्या होतात. तोरिंगाच्या पानावर नीलवंत फुलपाखराची अळी सापडू शकते. कोवळी असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, वाढली की हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचा दुभागलेला अवयव बाहेर काढते. हे प्रत्यक्ष पाहणे पुस्तकातल्या चित्राहून केव्हाही सरस.

माटोळीत शोभणाऱ्या कळलावीचा कंद मात्र अतिशय विषारी असतो. तिची फुले मोठ्यांनीच तोडावीत आणि वेल मुळासकट उपटू नये.