पिशवीचे ऑपरेशन आणि बाईची नजर



उभ्या उसाच्या कांड्यांवरचे डोळे निजलेले असतात आणि शेंडा मोडला की ते फुटू लागतात, हे आपणांस सांगावयास नको. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली उतरून डोळ्यांना थोपवून धरते. ते तयार होते एकीकडे, काम करते दुसरीकडे. माणसाच्या शरीरातही असाच कारभार चालतो.

बाईच्या अंडाशयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते. पाळी आणि गरोदरपण एवढेच त्याचे काम, अशी आपली समजूत. परंतु हाडे, रक्तवाहिन्या आणि डोळ्यांपर्यंत त्याची पोच आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, इस्ट्रोजेनचा संदेश घेणारी केंद्रे आढळली आहेत. तेथील पेशींना झीज सोसण्यास ते मदत करत असावे, असे शास्त्रज्ञांना प्रयोगांवरून वाटते. पाळी गेली की हे संप्रेरक फार कमी होते. पडद्याच्या मध्यभागी छिद्र पडण्याचा विकार साठीच्या आसपास आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो, त्यामागे हेही एक कारण असावे असा तर्क आहे.

पाळी आपोआप गेली तर शरीराला सवय व्हायला अवधी मिळतो. दोन्ही अंडाशये ऑपरेशनने काढली, तर इस्ट्रोजेन एकदम तुटते. हॉलंडमधील रॉटरडॅम येथील पाहणीचा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. अंडाशय काढल्यामुळे ज्यांची पाळी लवकर गेली, अशा स्त्रियांत उतारवयात पडद्याचा मध्यबिंदू झिजण्याचा धोका जास्त आढळला.

हे कारखान्याच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा बायकांत एक! आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या याच बाया आहेत. नुसती पिशवी काढून अंडाशये ठेवली तर संप्रेरक चालू राहते, पण तेही बरेचदा नेहमीपेक्षा लवकर आटते. तिशीत ऑपरेशन झालेल्या बाईपुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य असते, हे विसरून चालणार नाही.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात काय? डोळ्यांसाठी म्हणून नकोत. अमेरिकेत हजारो स्त्रियांना दोन संप्रेरकांच्या गोळ्या देऊन झालेला मोठा प्रयोग २००२ साली थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढलेला दिसला. त्यातील डोळ्यांची माहिती २००६ साली आली. मध्यबिंदूची झीज एकंदरीने थांबली नाही. कमी वयात अंडाशये गेलेल्या बाईने मात्र गोळ्यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे. तो निर्णय डॉक्टरांचा आहे, मेडिकल दुकानदाराचा नव्हे.

आपल्या हाती काय आहे ते असे:

१) पिशवी काढा म्हटले की लगेच सही करू नये. सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्यावा. "अंडाशये ठेवणार की काढणार?" हे स्पष्ट विचारावे व ऑपरेशनचे कागद जपून ठेवावेत.

२) पाळी लवकर गेलेल्या बाईने चाळिशीपासून डोळ्यांत औषध घालून पडदा तपासून घ्यावा. मधुमेह असल्यास दरवर्षी.

३) एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे, मग दुसरा. सरळ कड वाकडी दिसली किंवा मधोमध डाग दिसला तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. काही प्रकारांत इंजेक्शनने नजर वाचते, पण वेळेवर गेले तर.

४) घरात बिडी-सिगारेटचा धूर नको. मेथी, शेवग्याचा पाला, पालक ताटात असावा. आणि तो बाईच्याही ताटात असावा.

कमी दिसू लागले की "वय झालं, मोतीबिंदू असंल" म्हणून बाई चुलीपुढे गप्प बसते. मोतीबिंदू काढता येतो. झिजलेला पडदा परत येत नाही. तरी सभासदांनी आपल्या घरातील माय-बहिणींस आणि आपल्या फडावरील टोळीतील भगिनींस ही माहिती द्यावी व मुकादमांच्याही कानी घालावी, अशी विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी