जकात : घेणाऱ्याचा हक्क

मराठी वाचकाला ‘जकात’ या शब्दाने प्रथम आठवतो तो गावाच्या वेशीवरचा नाका. मालावर पूर्वी वसूल होणारा हा कर आणि इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक असलेले अनिवार्य दान या दोन्हींची नावे एकाच अरबी शब्दातून आली असली, तरी त्या शब्दाच्या मुळाशी शुद्धी आणि वृद्धी हे अर्थ आहेत. संपत्तीतून गरिबाचा वाटा बाजूला काढल्यावरच उरलेली संपत्ती शुद्ध होते, ही त्यामागची धारणा असून, कुराणाच्या सत्तराव्या अध्यायात श्रीमंताच्या धनात याचकाचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो असे म्हटले आहे. जकातीचे सारे नियम या ‘हक्क’ शब्दातून उलगडतात.

दानाकडे हक्क म्हणून पाहणारा असाच विचार भूदान चळवळीतही आढळतो. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत 1932 पासून वास्तव्यास असलेल्या आणि तेथे कताईच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग करणाऱ्या विनोबा भाव्यांनी पुढे अरबी शिकून कुराणाचा मुळातून अभ्यास केला, आणि 1962 मध्ये त्यातील निवडक वचनांचे संकलन प्रसिद्ध केले. दान म्हणजे संविभाग, म्हणजेच योग्य वाटणी, हा शंकराचार्यांचा अर्थ त्यांनी भूदानात पुढे ठेवला आणि जमीनमालकाकडे सहावा हिस्सा मागितला, तो भीक म्हणून नव्हे, तर घरातल्या आणखी एका मुलाचा वाटा म्हणून. दोन वेगळ्या परंपरांतील हे विचार येथे अगदी जवळ येतात. मात्र भूदान दात्याच्या हृदयपरिवर्तनावर विसंबले, तर जकातीने मोजमाप आधीच ठरवून दिले, आणि तेच तिचे बळ आहे.

हे मोजमाप असे : गरजा आणि देणी वजा जाता ज्याच्यापाशी साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अथवा तेवढ्या मोलाची रोकड वा व्यापारी माल असेल, त्याने एक चांद्र वर्ष पुरे होताच त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, द्यायचा असतो. संपत्तीच्या या किमान मर्यादेला ‘निसाब’ म्हणतात. पिकाचा हिशेब निराळा आहे. पावसावर आलेल्या पिकातून दहावा भाग, ज्याला ‘उश्र’ म्हणतात, आणि मोट किंवा पंप लावून भिजवलेल्या पिकातून विसावा भाग निघतो, कारण जेथे माणसाचा खर्च आणि कष्ट अधिक, तेथे वाटा निम्मा. वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू आणि ओलिताच्या शेतकऱ्याला हा न्याय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. इमाम अबू हनीफांच्या मते कपाशीवरही उश्र लागतो, तर कोकणातील मुसलमान ज्या शाफई पंथाचे आहेत, तो हा नियम साठवता येणाऱ्या मुख्य अन्नापुरताच मानतो. अंगावर वापरायच्या दागिन्यांबाबतही हनफी, म्हणजे अबू हनीफांचे अनुयायी, जकात मागतात आणि शाफई सामान्यतः मागत नाहीत.

जकात कोणाला द्यावी, हे दात्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. कुराणाच्या नवव्या अध्यायाने आठ प्रकारचे हक्कदार सांगितले असून त्यांत गरीब व निराधार यांच्याबरोबर कर्जात बुडालेला आणि प्रवासात अडलेला माणूसही येतो. आईवडिलांना आणि मुलांना मात्र ती देता येत नाही, कारण त्यांचे पोषण हे मुळातच कर्तव्य आहे, तर गरजू भाऊ-बहिणीला दिली तर ती अधिक श्रेयस्कर ठरते. हनफी मतानुसार रक्कम गरिबाच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून मशिदीच्या बांधकामाला जकात चालत नाही. त्यासाठी ऐच्छिक ‘सदका’ किंवा कायमची मिळकत राखून ठेवणारा ‘वक्फ’ असतो. उपकार बोलून दाखवला की दानाचे पुण्य जाते, अशी कुराणाची ताकीद आहे, आणि घेणाऱ्याच्या मानाची एवढी काळजी हा या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा भाग मानला पाहिजे.

रमजानच्या शेवटी कुटुंबातील प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलासह, हनफी मतानुसार सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत ‘फित्रा’ म्हणून काढली जाते. ईदच्या दिवशी कोणाच्या घरी चूल बंद राहू नये म्हणून हा फित्रा ईदच्या नमाजापूर्वीच पोचवायचा असतो. नमाजानंतर दिलेली रक्कम, हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांनुसार, साध्या सदक्यात जमा होते.