किती चेंडू टाकलेस, सांग बरं!

दोस्तांनो, तुमच्या गावातही असा एखादा मुलगा असेलच. लांबून धावत येतो, भर्रकन हात फिरवतो आणि समोरच्याला चेंडू दिसायच्या आत यष्ट्या उडालेल्या असतात. विटांच्या यष्ट्या असल्या, तर वीट खाली पडते, एवढाच फरक! आमच्या शाळेतही असा एक आहे. त्याचं नाव काही मी सांगणार नाही, कारण त्याला आवडणार नाही. वय तेरा, अंगाने काटकुळा, पण चेंडू टाकायला लागला की मोठी मुलंही दोन पावलं मागे सरकतात.

गेल्या २६ जानेवारीला आम्ही शेजारच्या गावच्या शाळेशी सामना ठेवला होता. मी काठावर गुण लिहायला बसले होते. शेवटचं षटक उरलं आणि आमचा कप्तान धावत माझ्याकडे आला. "बाई, याच्या तीन झाल्या. अजून एक देऊ का?" तो पोरगा मागे उभा राहून उजवा खांदा चोळत होता. मला ते दिसत होतं, बरं का. तरी मी म्हणाले, "दे, दे. त्याच्याशिवाय कोण आहे आपल्याकडे?" आम्ही ३ धावांनी जिंकलो. फोटो निघाला. पेढेसुद्धा वाटले.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी त्याला फळ्यावर बोलावलं. त्याने खडू डाव्या हातात घेतला. म्हटलं, "हे काय नवीन?"

"काई नाई जी बाई, हात वर जात नाई. जरासं दुखते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीपासून! आणि घरी कुणाला पत्ता नाही, शाळेत कुणाला पत्ता नाही. का सांगितलं नाहीस, विचारलं, तर उत्तर तयार होतं, "सांगतलं असतं तर मले खेळू नसतं देल्लं."

त्या दिवशी आम्ही गणिताचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर वेगळंच गणित मांडलं. मागच्या सात दिवसांत या मुलाने किती चेंडू टाकले? सगळ्यांनी आठवून सांगायचं. शाळेचा सामना, ४ षटकं. गावातल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेत दोन सामने, प्रत्येकी २ षटकं. झाली ८ षटकं, म्हणजे ४८ चेंडू. "एवढेच तर आहेत!" मुलं म्हणाली. मलाही तसंच वाटलं. इतक्यात पाचवीतली एक मुलगी उठली. ती पाढ्यांत आमच्या सगळ्यांची गुरू. म्हणाली, "बाई, तो संध्याकाळी रोज टाकते ते?"

मग कळलं. पाच दिवस रोज संध्याकाळी गोठाणावर दहा-दहा षटकं. साठ गुणिले पाच, ३००. सीमेवरून केलेली फेक वेगळी. बोरीवर मारलेले दगड वेगळे. आजोबांच्या ज्वारीत पाखरं हाकलायला फिरवलेली गोफण वेगळी! एका मुलाने तर बोरांचे दगडही प्रामाणिकपणे मोजून सांगितले. फेका आणि दगड मिळून सत्तर धरले, तर बेरीज ४१८ झाली. वर्गात एकदम शांतता. सामना सगळ्यांना दिसतो, त्याचे गुणही लिहिले जातात. सराव मात्र कुणीच लिहून ठेवत नाही.

आता ४१८ जास्त की कमी, हे कसं ठरवायचं? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लहान वेगवान गोलंदाजांसाठी कितीतरी वर्षं एक तक्ता वापरला. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दमात ५ षटकं आणि दिवसभरात १० षटकं, याहून जास्त टाकायची नाहीत. चौदा-पंधराच्या मुलाला ६ आणि १२. सरावालाही मोजमाप होतं. तेरा वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदाच, आणि दर वेळी ३० चेंडू. म्हणजे आठवड्याचे ६०. आणि आमचा गडी ३००!

तुम्ही म्हणाल, बाई, टेनिसचा चेंडू तर हलका असतो. खरं आहे. टेनिसचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा आणि मोठ्यांच्या क्रिकेटचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. पण खांद्याला फक्त चेंडू फेकायचा नसतो. चेंडू सुटल्यावर वेगाने फिरणारा हात थांबवायचाही असतो. गाडी पळवायला जोर लागतो, तसा ब्रेक लावायलाही लागतो ना? आणि हात तर तोच, तुमचाच.

खांद्याची गंमत सांगते. स्नेहसंमेलनात आपण लिंबू-चमचा खेळतो. खांद्याचा सांधा तसाच असतो. दंडाच्या हाडाचा गोल माथा म्हणजे लिंबू आणि त्याला टेकायची खोबण म्हणजे चमचा. खोबण उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. मांडीचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, म्हणून पाय तसा गरगर फिरत नाही. मग लिंबू खाली का पडत नाही? आजूबाजूचे स्नायू आणि दोरीसारखे चिवट पट्टे त्याला धरून ठेवतात. ते थकले की सगळा भार हाडावर येतो.

आणि तुमचं हाड अजून पुरतं पिकलेलं नाही! वाढत्या वयात लांब हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेची एक चकती असते. उंची वाढते ती या चकत्यांमुळे. मोठेपणी तिचंही हाड होतं. तोवर ही जागा सगळ्यांत नाजूक. तुरीच्या झाडाचा जुना दांडा वाकवा, तो दाद देत नाही. शेंड्याचा कोवळा कोंब मात्र चटकन मोडतो. तसंच समजा.

त्याच्या आईबाबांना मी शाळेत बोलावून घेतलं. आई लगेच कावरीबावरी झाली. बाबा म्हणाले, "बाई, लहानपणी असं दुखतच असते. तेल लावून देतो." मला त्यांचा राग नाही आला. दोन दिवसांपूर्वी मी तरी काय वेगळं केलं होतं? शेवटी सगळे यवतमाळला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढले आणि शेजारी शेजारी लावून दाखवले. डाव्या खांद्यात चकतीची बारीक रेघ होती, उजव्यात तीच रेघ रुंदावली होती. "तीन महिने चेंडू नाही, दगड नाही, गोफण नाही," डॉक्टर म्हणाले, "थांबलास तर भरून येईल. नाही थांबलास तर सांगता येत नाही." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने मान हलवली.

ही फक्त क्रिकेटची गोष्ट नाही हं. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपला गोलंदाज हात सरळ ठेवून फिरवतो, पिचर मात्र कोपर वाकवून झटक्याने फेकतो. त्यामुळे त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचा पट्टा ताणला जातो, कधी तुटतोही. टॉमी जॉन नावाच्या पिचरचा हा पट्टा असाच गेला. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्याच शरीरातली दुसरी दोरी काढून कोपरात बसवली. १९७६ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत खेळला! तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेलाच त्याचं नाव पडलं. पुढे शाळकरी वयाच्या मुलांनाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी लागू लागली. तिथल्या लिटल लीग या मुलांच्या संस्थेने २००७ पासून सरळ चेंडूच मोजायला घेतले. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ चेंडू टाकले की हात थांबवायचा. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले, तर चार दिवस सक्तीची विश्रांती. कॉलेजच्या बेसबॉलमध्ये मात्र असा सगळ्यांना बांधणारा आकडा नाही. तिथे प्रशिक्षकाने ठरवायचं. आता सामना अटीतटीचा झाला की प्रशिक्षक काय ठरवतो, ते २६ जानेवारीला मी स्वतःच करून दाखवलं होतं.

क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाचा खांदा वाचला, तरी पाठ असतेच. धावत येऊन तो पुढचा पाय आपटतो, तेव्हा जमिनीकडून त्याच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त धक्का वर येतो. त्याच क्षणी कंबर वाकलेली आणि वळलेली असते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवा, मग बघा. कमरेच्या मणक्याला अशीच बारीक चीर पडते. हाड रोजची झीज रोज भरून काढत असतं. पण भरण्याआधीच पुन्हा झीज, पुन्हा झीज झाली, तर ते तरी काय करणार? ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली १९७३ मध्ये अशाच चिरांनी आडवा झाला. त्याला कित्येक आठवडे धडाला प्लॅस्टर घालून राहावं लागलं. तो नेटाने परतला आणि कसोटीत ३५५ बळी घेऊन थांबला.

आपला जसप्रीत बुमराह तर तुमच्या भिंतीवर असेल. त्याच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढे ऑस्ट्रेलियात २०२४-२५ च्या पाच कसोटींत त्याने १५१ षटकं आणि वर २ चेंडू टाकले. करा गुणाकार! ९०८ चेंडू आणि ३२ बळी. पण सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीने साथ सोडली आणि तो चेंडूच टाकू शकला नाही. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १६२ धावा हव्या होत्या. त्यांनी त्या केल्या, आणि बुमराह नुसता पाहत राहिला. तो पक्क्या हाडांचा माणूस, दिमतीला डॉक्टर आणि व्यायामतज्ज्ञ. तरी असं झालं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना आणखी एक चकित करणारी गोष्ट दिसली. एखाद्या सामन्यात गोलंदाजाने एकदम खूप षटकं टाकली, तर दुखापत त्याच दिवशी होते असं नाही. पुढच्या तीन-चार आठवड्यांत तिचा धोका वाढलेला दिसतो. आज पेरलं की उगवायला वेळ लागतो ना, तसं. म्हणून पालकांनो, "काल तर ठणठणीत होता" याला फारसा अर्थ नाही. सुट्टी लागली, स्पर्धा आली आणि रोजचे वीस चेंडू एकदम शंभर झाले, तर तिथे लक्ष ठेवायचं. आणि पोराने हात न उचलता डोक्यावरून सदरा काढला, दप्तर सारखं एकाच खांद्यावर घेतलं, बादली डाव्या हाताने ओढली, तर चौकशी करायची. रागावून विचारू नका. रागावलात तर उत्तर 'काई नाई' असंच येणार.

आपल्या विदर्भाचा उमेश यादव माहीत आहे ना? त्याचे वडील नागपूरजवळ वलनीच्या कोळसा खाणीत कामाला होते. आपल्या वणीकडे आहेत, तशाच खाणी. उमेश विशी गाठेपर्यंत टेनिसच्याच चेंडूने खेळत होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजीत उतरला आणि २०११ मध्ये कसोटीत. ५७ कसोटींत १७० बळी! त्यालाही २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतून पाठीच्या दुखण्याने बाहेर बसावं लागलं होतं. पण थांबला, बरा झाला आणि पुढे कितीतरी वर्षं खेळला.

आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार? तो तर दोन्ही हातांनी फिरकी टाकतो! हात बदलताना पंचांना आधी सांगावं लागतं, नाहीतर नो-बॉल. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात त्याने ४ षटकं टाकली. धावा दिल्या शून्य, बळी २! हे ऐकल्यावर आमच्या गड्याचे डोळे चमकले. "बाई, मी डाव्यानं टाकू?" म्हटलं, बाबा रे, हात दोन असले तरी पाठ एकच आहे!

त्या तीन महिन्यांत त्याने पंचगिरी केली, गुण लिहिले आणि रुसूनही झालं. पाचवीतल्या त्या मुलीने शंभर पानी वही केली आणि वर लिहिलं, 'चेंडूवही'. जूनमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली. पहिल्या आठवड्यात दिवसाआड १२ चेंडू, तेही चालत येऊन. मग १८, मग २४. रोजचा आकडा वहीत. बोरीचे दगडही वहीत, कारण त्यावर तिने वाद घातला आणि जिंकली.

दिवाळीनंतर त्याच शेजारच्या गावाशी पुन्हा सामना झाला. त्याची तीन षटकं झाली होती, तीन बळीही झाले होते. शेवटच्या षटकाला त्यांना ७ धावा हव्या होत्या. कप्तानाने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. वहीवाली उभी राहून ओरडली, "त्याचे आजचे संपले!"

त्याने चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला आणि मिडऑनला जाऊन उभा राहिला. आम्ही हरलो, एक चेंडू राखून. परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तो त्या मुलीशी भांडत होता. सामन्याआधी टाकलेले चार चेंडू तिने वहीत का धरले, म्हणून.