आधी हाड, मग इम्प्लांट

वरची दाढ काढली की तिथलं हाड झिजतं आणि गालामागची हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली उतरते. हाड जेमतेम ३-४ मिलिमीटर उरलं, तर इम्प्लांट रुतणार कशात? म्हणून बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडून, अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्याइतकं नाजूक सायनसचं अस्तर अलगद उचलतात आणि खाली हाडाची भुकटी भरतात. बॉइन आणि जेम्स यांनी ही पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध केली. आखूड इम्प्लांट मिळत असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. सहा-सात मिलिमीटर हाड असेल तर मीही आखूड इम्प्लांटच निवडण्याच्या बाजूचा. पण हाड त्याहून फारच कमी असेल तर भुकटी भरून सहा-आठ महिने थांबावं. भुकटी हा नुसता सांगाडा; त्यात स्वतःचं हाड भरायला वेळ लागतोच, आणि सिगारेट त्यात अडथळा आणते.