तारेवरून दात सरकतो तेव्हा

ब्रेसेस लावल्यावर पहिले काही महिने दातांतला फरक आरशात दिसतो. मग सगळं थांबल्यासारखं वाटतं आणि आपण म्हणतो, "डॉक्टर, जरा घट्ट करा ना!" पण घट्ट केल्याने दात लवकर सरकत नाही.

दातावर चिकटवलेला ठोकळा म्हणजे ब्रॅकेट. त्यात तार बसवण्याची खाच असते. बऱ्याच ब्रॅकेटमध्ये तिची उंची 0.022 इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त.

आधी वेडेवाकडे दात ओळीत आणतात. त्यासाठी निकेल-टायटॅनियमची बारीक, लवचीक तार लागते.

मग जागा भरायची. उपदाढ काढलेली असेल, तर त्या जागेत सुळा मागे न्यायचा असतो. आता स्टीलची जाड, चौकोनी तार येते. रबरी साखळी किंवा स्प्रिंग सुळ्याला ओढते आणि ब्रॅकेट तारेवरून सरकू लागतो.

खरी अडचण इथे आहे. ओढ बसते दाताच्या दिसणाऱ्या भागाला. मूळ मात्र हाडात रोवलेलं. त्यामुळे दात आधी कलतो. कलला की खाचेच्या कडा तारेत रुततात आणि ब्रॅकेट अडकतो. एका बाजूने ओढलेला लाकडी ड्रॉवर असाच तिरका होऊन बसतो. मग वाकलेली तार सरळ होऊ पाहते, मूळ हळूहळू मागे येतं, पकड सुटते, दात किंचित सरकतो आणि पुन्हा कलतो. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, हा चांगलाच वेग समजावा.

जोर वाढवला तर सुळा जास्त कलतो, जास्त अडकतो. तोच जोर मागच्या दाढांवरही उलट बसतो. त्या पुढे येतात आणि सुळ्यासाठी राखलेली जागा खाऊन टाकतात. ही चूक निस्तरणं फार अवघड.

दातांच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटमध्ये घर्षण स्टीलपेक्षा जास्त असतं. तार धरून ठेवणारी रबरी रिंगही ती खाचेत दाबते. रिंगऐवजी झडप असलेले ब्रॅकेट मिळतात. प्रयोगशाळेत बारीक तारेवर ते सहज सरकतात. पण दात कलायचा तो कलतोच, म्हणून केवळ उपचार लवकर संपेल या आशेने जास्त पैसे मोजू नयेत.

आपल्या हातात एक गोष्ट नक्की आहे. कडक चिक्की किंवा बर्फ चावल्याने तार वाकते, आणि वाकलेल्या तारेवर ब्रॅकेट पुढे जात नाही. तार वाकली किंवा ब्रॅकेट सुटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं.