केमोनंतर हातापायांना मुंग्या

काय होतं? काही औषधांनी नसांना इजा होते. बोटांच्या टोकांपासून मुंग्या, बधिरपणा, जळजळ. बटण लावणंही अवघड.

कशामुळे?
- पॅक्लिटॅक्सेल, बोर्टेझोमिब.
- व्हिन्क्रिस्टिन: मूळ अंगणातल्या सदाफुलीत. (पानं चघळू नयेत, विषारी.)
- सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन: उपचार संपल्यावरही त्रास काही महिने वाढू शकतो. ऑक्झॅलिप्लॅटिनवर असताना गार पाणीही झोंबतं. गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाच्या हिवाळ्यात हातमोजे, कोमट पाणी.

रोवणीत अनवाणी उतरू नये. बधिर पायाला काटा कळत नाही, चुलीचा चटकाही नाही. रोज रात्री तळवे पाहावेत.

औषध: वेदनेवर ड्युलोक्सेटिन, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. बधिरपणा पुढच्या केमोआधीच सांगावा. केमोची मात्रा कमी करता येते.

उपचार कुठे? दरेकशाहून गोंदियामार्गे रेल्वेने नागपूर. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय.